गोड्या पाण्यात उतरलेलं खारं कुळ

आजीच्या घरी हंड्याच्या तोंडाला जुन्या धोतराचं दुपदरी फडकं कायम बांधलेलं असे. पाणी बारवेचं, पायऱ्या उतरून आणलेलं. कुणी फडकं न लावता घागर रिकामी केली, की आजी एकच शब्द उच्चारायची, ‘नारू!’ मराठवाड्यातल्या एका पिढीचा हात हा शब्द ऐकला की अजूनही पायाकडे जातो. नारूचा जंत पायातून बाहेर यायला लागला की माणूस अंथरूण धरायचा, आणि तो हातभर लांबीचा जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागे.

गंमत अशी, की फडक्यावर जंत अडतच नसे. त्याच्या अळ्या सुताच्या विणीतून सहज निसटतील इतक्या बारीक. अडायचा तो या अळ्या गिळून बसलेला, मिलिमीटरभर लांबीचा पाण्यातला जीव. कपाळावर एकच डोळा, म्हणून ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचं नाव त्याला मिळालं : सायक्लॉप्स. फडकी, हातपंप आणि बुजवलेल्या पायऱ्या यांनी मिळून नारूचा निकाल लावला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. सायक्लॉप्स मात्र कुठेही गेला नाही. नाथसागराच्या काठचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरा. झटके देत पुढे सरकणारे पांढुरके ठिपके दिसतील. त्यांत तो आणि त्याचे चुलते-पुतणे असतात.

आता कोडं असं, की हे घराणं मूळचं समुद्राचं. या घराण्याला कोपेपॉड म्हणतात, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांचे. त्यांचा बहुतेक गोतावळा आजही समुद्रातच आहे, पण गोड्या पाण्यात राहणाऱ्या प्रजातीही २००८पर्यंत सुमारे २८०० मोजल्या गेल्या होत्या. समुद्रातला असा नाजूक जीव गोड्या पाण्यात टाकला तर बहुतेक वेळा काही तासांत मरतो. मग ही मंडळी आत आली कशी?

बरं, हे सगळं कोट्यवधी वर्षांपूर्वी घडून गेलं असंही नाही. त्याच घराण्यातल्या एका प्रजातीने गेल्या शंभर वर्षांत, माणसाच्या डोळ्यांदेखत, समुद्रकाठ सोडून गोड्या पाण्यात बिऱ्हाड थाटलं आहे. एकदा नव्हे, अनेकदा.

जवळ्याचे भाऊबंद

संभाजीनगरपासून समुद्र साडेतीनशे किलोमीटर, तरी जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात सुक्या जवळ्याचे ढीग मिळतात. कांदा-लसणात परतून भाकरीबरोबर खाल्ला जाणारा जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं, असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. ती पूर्ण वाढ झालेली वेगळी प्रजाती आहे, अ‍ॅसिटिस इंडिकस. भरती-ओहोटीच्या ओढीपुढे तिचं पोहणं चालत नाही. प्रवाह नेईल तिकडे ती जाते, म्हणून तर कोळी खाडीच्या तोंडाशी डोल जाळं रोवतात आणि ओहोटी जवळा आपसूक आत भरते.

प्रवाहाच्या मर्जीवर तरंगणाऱ्या सगळ्या जीवांना मिळून प्लवक हे नाव आहे, आणि त्यांतल्या प्राण्यांना प्राणिप्लवक. जवळा हे प्राणिप्लवकांमधलं धिप्पाड उदाहरण. बहुसंख्या आहे ती मोहरीच्या दाण्याहून लहान कोपेपॉडांची. सूक्ष्म शेवाळ खाऊन जगायचं आणि माशांच्या पिल्लांच्या पोटात जायचं, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. तारली-बांगड्याचं ताट शेवटी यांच्यावर उभं असतं.

कैरी आणि मनुका

कैरीच्या फोडींना मीठ लावून रात्रभर ठेवलं की सकाळी भांड्यात पाणी सुटलेलं असतं आणि फोडी लोळागोळा होतात. उलट, मनुका पाण्यात टाकली की टपोरी फुगते. दोन्हींमागे नियम एकच. मधे पातळ पडदा असेल, तर पाणी कमी खाऱ्या (किंवा कमी गोड) बाजूकडून जास्त दाट बाजूकडे सरकतं. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हटलेलं असतं. घरातलं आरओ यंत्र पंपाचा जोर लावून हीच गोष्ट उलटी करून घेतं, आणि त्यासाठी विजेचं बिल भरावं लागतं. हे बिल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तिथल्या कोपेपॉडाच्या अंगातला द्रवही जवळजवळ तेवढाच खारट. आत-बाहेर सारखंच, त्यामुळे पाण्याला आत धावायचं कारण नाही. मासा या बाबतीत वेगळा आहे, पण कोपेपॉडांनी हा सोपा मार्ग पत्करला : समुद्रासारखं होऊन राहायचं.

हाच जीव नदीच्या पाण्यात सापडला की त्याची मनुका होते. पाणी चहूबाजूंनी आत शिरतं आणि अंगातले क्षार बाहेर झिरपतात. पहिल्या धक्क्यावर पेशींपाशी एक तात्पुरता उपाय असतो. आत साठवलेली अमिनो आम्लं (प्रथिनांचे सुटे मणी म्हणा) कमी करून त्या आतला दाटपणा उतरवतात. पाण्याचा खारेपणा थोडासाच उतरला तर एवढ्यावर भागतं. पण पूर्ण गोड्या पाण्यात सोडिअम समुद्राच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असतं. तिथे अंगातला दाटपणा कितीही उतरवला तरी पुरत नाही. तिथे झिरपून गेलेलं मीठ थेंबाथेंबाने परत ओढून आणावं लागतं, रात्रंदिवस.

पाणचक्की उलट्या क्रमाने

रिकाम्यासारख्या पाण्यातून मीठ ओढायचं कसं? खाम नदीकाठची पाणचक्की आठवा. डोंगरातून नळीवाटे आलेलं पाणी उंचावर चढवून ठेवलं आहे. ते खाली पडतं आणि पडताना जातं फिरवतं. जात्याला हात लावावा लागत नाही. खरं काम पाणी उंचावर नेण्यात झालेलं असतं.

पेशीच्या पडद्यात अशीच जोडगोळी असते. एक पंप अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्चून हायड्रोजनचे विद्युतभारित कण, म्हणजे प्रोटॉन, पेशीबाहेर ढकलतो. याचं नाव व्ही-प्रकारचा प्रोटॉन पंप. बाहेर धनभार साचला की आतली बाजू ऋण होते आणि उतार तयार होतो. त्या उताराच्या ओढीने सोडिअम आत घरंगळतं. प्रोटॉन पंप पाणी उंचावर चढवतो, सोडिअमचं आत येणं म्हणजे जात्याचं फिरणं. पेशीत आलेलं सोडिअम पुढे शरीरातल्या द्रवात ढकलण्यासाठी दुसरा पंप आहे. तो सोडिअमचे तीन कण एका बाजूला टाकतो आणि पोटॅशिअमचे दोन आत घेतो. हा दुसरा पंप आपल्याही प्रत्येक पेशीत आहे. तुमच्या-माझ्या शिधापाण्यातला मोठा वाटा त्याच्यावर खर्च होतो.

ही यंत्रणा कोपेपॉडाच्या अंगात कुठे बसवलेली असावी? मला वाटलं होतं पोटाजवळ कुठे तरी. २०१६ साली युरिटेमोरा नावाच्या कोपेपॉडात संशोधकांनी दोन्ही पंपांचा माग काढला, तेव्हा ते पोहण्याच्या पायांमध्ये दाटीवाटीने सापडले. पायात जवळजवळ मूत्रपिंड! त्यात तथ्यही आहे. पाय सतत हलतात, त्यामुळे त्यांच्यावरून पाणी वाहत राहतं, आणि विरळ पाण्यातून मीठ वेचायचं तर पाणी जितकं बदलत राहील तितकं बरं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र हे पाय नसतात. ते सहा वेळा कात टाकून पुढच्या अवस्थेत जातं तेव्हा कुठे पाय फुटू लागतात. म्हणूनच गोड्या पाण्यात आधी मरतात ती पिल्लं, आणि निसर्गाची चाळणी लागते तीही याच वयात.

मांडवीतला आषाढ

खारं-गोडं यांची ही ओढाताण आपल्याजवळ बघायची तर गोव्याला जावं. वैशाखात पणजीच्या धक्क्याशी मांडवीचं पाणी चाखलं तर समुद्रच. भरती हा खारेपणा नदीत कित्येक किलोमीटर आत घेऊन जाते. मग मृग लागतो, सह्याद्रीवर पाऊस कोसळतो, आणि आषाढापर्यंत त्याच धक्क्याशी वरचं पाणी जवळपास गोडं झालेलं असतं; समुद्राचं जड पाणी तळाने सरपटत तोंडाशी थबकतं. श्रावण-भाद्रपद सरला की पुन्हा चढता खारेपणा. एका वर्षात, एकाच जागी, समुद्र आणि नदी आळीपाळीने नांदतात.

मांडवी आणि झुआरी यांच्या मुखांच्या मधोमध, दोनापावलच्या टेकाडावर १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं या दोन नद्यांत बारीक जाळी ओढली आहे. त्यांतून दिसतं ते एक प्रकारचं पहारा बदलणं. पाऊस आला की समुद्राकडचे कोपेपॉड हटतात, मचूळ पाणी मानवणारे पुढे येतात, वरच्या अंगाने गोड्या पाण्याचे काही वाहत येतात. कोचीच्या कायलातही, म्हणजे बॅकवॉटरमध्येही, हेच चालतं. तिथे अकार्शिडी कुळातल्या जवळच्या नात्यातल्या प्रजाती खारेपणानुसार आपापला हंगाम आणि जागा कशा वाटून घेतात, हे ट्रँटर आणि अब्राहम यांनी १९७१मध्येच मांडलं होतं.

जे हटतात ते सगळे पळून जात नाहीत. काही प्रजाती चिखलात टणक कवचाची अंडी सोडतात. ती दिवस पालटेपर्यंत निपचित पडून राहतात, उन्हाळ्यात ढेकळाखाली पडलेल्या गवताच्या बियांसारखी. दोनापावलच्याच एम. मधुप्रताप यांनी दोन जर्मन सहकाऱ्यांसोबत बाल्टिक समुद्राच्या कील उपसागरातल्या चिखलात अशी अंडी शोधली. तो अभ्यास १९९६ सालचा. कील हे नाव पुढे पुन्हा येईल.

इथे संभाजीनगरचा वाचक लोणारचं नाव काढणार, आणि काढावंच. दीडशे किलोमीटरवर लवणासुराचं विवर आहे आणि २०२०च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालेलं सगळ्यांनी पाहिलं. पण लोणारचं कोडं वेगळ्या जातीचं आहे. तिथला त्रास निव्वळ मिठाचा नाही, सोड्यासारख्या क्षारांचाही आहे. पाण्याचा सामू दहाच्या घरात जातो. तो गुलाबी रंगही प्राण्यांचा नव्हता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून तो मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा असल्याचं सांगितलं. तेव्हा लोणार पुन्हा कधी.

पळणं, निजणं आणि पहारा बदलणं या तिन्हींत जीव स्वतः बदलत नाही. आपल्याला हवा आहे तो चौथा मार्ग, जिथे वंशच बदलतो.

[चौकट] अंगवळणी की पिंडात?

*अंगवळणी पडणं :* खारेपणा हळूहळू उतरवला तर एकच कोपेपॉड काही दिवसांत स्वतःला जुळवून घेतो, पंप वाढवतो. ही सवय त्याच्यासोबत संपते.

*पिंडात उतरणं :* काहींचे पंप जन्मतःच जोरकस असतात. गोड्या पाण्यात त्यांचीच पिल्लं जास्त वाचतात, त्यांचीही तशीच. काही पिढ्यांनी सगळी वस्ती तशी होते. एकही प्राणी बदललेला नसतो, वस्ती बदललेली असते.

*जनुक :* एखादं प्रथिन (उदा. पंप) कसं आणि किती बनवायचं याची पाककृती. पुरणपोळी घरोघरी वेगळी, तशी एकाच जनुकाची थोडी वेगवेगळी रूपं एकाच वस्तीत असतात.

एकाच वाफ्यातलं बी

दोन गावांच्या ज्वारीत फरक दिसला, तर तो मातीचा की बियाण्याचा? शेतकरी याचा निवाडा सोपा करतो. दोन्हीकडचं बी एकाच वाफ्यात पेरायचं. फरक टिकला तर बियाण्याचा, मावळला तर मातीचा. कोपेपॉडांच्या बाबतीत नेमकं हेच केलं गेलं, आणि त्याची सुरुवात एका जलमार्गापासून होते.

१९५९ साली सेंट लॉरेन्स नदीतून अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या सरोवरांपर्यंत समुद्री जहाजांची वाट खुली झाली. माल उतरवून रिकामं जहाज निघतं तेव्हा तोल राखायला पोटात पाणी भरून घेतं आणि पुढच्या बंदरात ते सोडून देतं. त्या सुमारास, नदीच्या खाऱ्या मुखात राहणारा युरिटेमोरा अ‍ॅफिनिस हा कोपेपॉड गोड्या सरोवरांत दिसू लागला. त्याआधी नेदरलँड्सनेही अशीच संधी दिली होती. १९३२मध्ये त्यांनी लांबलचक बांध घालून समुद्राचा एक फाटा तोडला. आत नदीचं पाणी येत राहिलं, फाट्याचं गोडं सरोवर झालं. खारेपणाबरोबर बरेच जीव गेले. युरिटेमोरा आतच राहिला.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कॅरल युनमी ली यांनी १९९९ साली जनुकांच्या आधाराने दाखवलं, की हे आक्रमण एकाच टोळीचं नाही. वेगवेगळ्या किनाऱ्यांवरच्या वस्त्या स्वतंत्रपणे, आपापल्या वाटेने गोड्या पाण्यात शिरल्या आहेत. दिसायला सारख्या या वस्त्यांचे वंश आतून इतके दूरचे निघाले, की २०११ साली त्यांतल्या एका फांदीला वेगळी प्रजाती मानून तिचं नाव या बाईंवरून युरिटेमोरा कॅरॉलीई ठेवलं गेलं. आयुष्यभर ज्याच्यामागे लागलो त्याला आपलंच नाव मिळणं, हा योग शास्त्रज्ञांनाही क्वचितच येतो.

मग वाफ्याचा प्रयोग. खाऱ्या मुखातले आणि सरोवरातले, दोघांची पिल्लं प्रयोगशाळेत त्याच त्या पाण्यांत वाढवली : काही गोडं, काही मचूळ, काही खारट. सरोवरवाल्यांची पिल्लं गोड्या पाण्यात जास्त तगली, पण जास्त खाऱ्या पाण्यात त्यांची दमछाक होऊ लागली. म्हणजे फरक बियाण्यातला. शिवाय एका बाजूला कमावलं ते दुसऱ्या बाजूला थोडं गमावून.

२०११मध्ये पंपांची मोजदाद झाली. गोड्या पाण्यात सरोवरवाल्यांच्या पिल्लांमध्ये प्रोटॉन पंपाचं काम पूर्वजांपेक्षा वाढलेलं होतं. दुसरा, सोडिअम-पोटॅशिअमचा पंप मात्र मंदावला होता. पाणचक्कीच्या भाषेत, पाणी उंचावर चढवणारी बाजू भक्कम झाली. पुढे खारे कोपेपॉड घेऊन प्रयोगशाळेत बारा पिढ्या हळूहळू गोड्या पाण्याकडे नेले, तेव्हा हाच बदल पुन्हा उमटला. युरिटेमोराची पिढी साधारण महिनाभराची. म्हणजे निसर्गात कित्येक दशकं लागली असतील असं आपण समजतो, ते वर्षभरात बाटल्यांमध्ये घडलं.

कणगीतलं जुनं बी

बारा पिढ्यांत नवी जनुकरूपं कुठून आली? उत्तर असं, की आलीच नाहीत. ती आधीपासून होती.

जनुकात नवा बदल अपघाताने होतो आणि तो उपयोगी निघणं ही सोडत लागण्यासारखी गोष्ट आहे. बारा पिढ्यांत त्याची वाट बघत बसलं तर वंश बुडेल. पण जुन्या घरातल्या कणगीत गावरान ज्वारीचं जे बी असे, ते कधीच एकसारखं नसायचं. काही दाणे ओल मानवणारे, काही कोरड सोसणारे. चांगल्या पावसात फरक कळतही नसे. दुष्काळात कोरड सोसणारी ताटं उभी राहत, आणि पुढच्या वर्षी कणगीत त्यांचंच बी जास्त भरे. खाडीतल्या कोपेपॉडांकडे अशी मिश्र कणगी असते. गोडं पाणी फक्त निवड करतं.

यावर एक रास्त शंका येते. खाऱ्या पाण्यात ‘गोडं’ जनुकरूप ओझंच ठरत असेल, तर ते पिढ्यान्पिढ्या टिकतं कसं? खाऱ्या हंगामात छाटलं का जात नाही?

याचं उत्तर मला या सगळ्या कहाणीत सर्वांत देखणं वाटतं. प्रत्येक कोपेपॉडाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. समजा एक ‘खारी’ आणि एक ‘गोडी’ आली. आमच्या शेजारी एक मुलगा आहे. आई मालवणची, वडील इथले. आजोळी तो अस्खलित मालवणी बोलतो आणि गल्लीत क्रिकेट खेळताना दखनी. गरज असेल ती भाषा जिभेवर येते, दुसरी गप्प राहते, पण विसरली जात नाही. मिश्र प्रतींच्या कोपेपॉडांबाबत असंच होत असल्याचे पुरावे ली आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये मांडले. गोड्या पाण्यात गोड्या प्रतीची सत्ता चालते, खाऱ्यात खाऱ्या प्रतीची. जिथे जी प्रत तोट्याची, तिथे ती दबून राहते, आणि दबून राहिलेली प्रत चाळणीतून निसटते. हंगाम पालटत राहिला तर दोन्ही प्रती कणगीत शिल्लक राहतात.

म्हणूनच गोड्या पाण्यात घुसखोरी करणाऱ्या वस्त्या कुठल्या हे पाहिलं, तर त्या भर समुद्रातल्या नसतात. त्या येतात खाडीतून, दलदलीतून, नदीच्या मुखातून. जिथे खारेपणा वर्षात कैक वेळा खाली-वर होतो. स्थिर समुद्रातल्या वस्तीची कणगी एकाच वाणाची. तिला गोडं पाणी दाखवलं तर निवडायलाच काही नसतं. मांडवीसारखी चंचल खाडी म्हणजे प्लवकांसाठी हाल, असं मी आधी समजत होतो. आता ती मला बियाण्याची कोठी वाटते.

कीलची दहा भांडी

बाल्टिक समुद्र म्हणजे खारेपणाची नैसर्गिक फूटपट्टी. डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुनींतून खारं पाणी आत येतं आणि भोवतालच्या नद्या गोडं पाणी ओततात. कीलजवळ लिटरमागे साधारण १५ ग्रॅम क्षार, स्टॉकहोमच्या आसपास सहा-सात, आणि उत्तरेच्या टोकाला दोन-तीन. त्या टोकाला समुद्राचं पाणी जिभेला खारट लागेल न लागेल.

तिथल्या युरिटेमोरांमध्येही खारेपणाप्रमाणे जनुकरूपांचं प्रमाण बदलत गेलेलं आढळतं, आणि मीठ वाहणाऱ्या पंपांची जनुकं त्यात ठळक असतात. प्रवाहाबरोबर हे जीव एकमेकांत मिसळत असतात, तरीही हा फरक पुसला जात नाही. चाळणी एवढी कडक, की बाहेरून सतत येणारं बी मिसळूनही पीक जागेप्रमाणे वेगळं राहतं.

हवामानबदलामुळे पाऊस वाढून बाल्टिक आणखी गोडा होईल, असे काही अंदाज आहेत. मग या जीवांचं काय? हे बघायला कीलची एकच वस्ती घेऊन ती दहा वेगळ्या भांड्यांत वाटली, पिढीगणिक खारेपणा उतरवला, आणि दहा पिढ्यांनी सगळ्यांची जनुकं वाचली. हा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. दहा भांड्यांत दहा वेगळे मार्ग निघतील, अशी अपेक्षा ठेवली तरी गैर नव्हतं. पण बहुतेक भांड्यांत तीच ती जनुकरूपं वर आली.

कारण बहुधा असं, की ही रूपं एकेकटी फारशी कामाची नाहीत. बोअरला मोठी मोटर बसवली पण वायर बारीक ठेवली, पाइप जुनाच राहिला, तर पाणी वाढत नाही. मोटर मात्र जळते. तिन्ही एकदम बदलले की धार सुटते. प्रोटॉन पंप, सोडिअमची वाट, पुढचा पंप या सगळ्या एकाच साखळीच्या कड्या. जुळणाऱ्या कड्या एकत्र आल्या तर फायदा बेरजेहून जास्त होतो. त्यामुळे बहुतेक भांड्यांना तोच संच गाठावा लागला.

बिल कुणी भरायचं

आरओच्या विजेचं बिल आठवतं ना? कोपेपॉडाचं बिल शेवाळात भरलं जातं. २०१३च्या एका प्रयोगात खाऱ्या वस्तीतल्या पिल्लांना गोड्या पाण्यात भरपूर खाऊ घातलं, तर त्यांच्यातली जास्त जगली. जनुकं तीच, पाणी तेच, ताटातलं वाढलं एवढाच फरक. भरल्या पोटी पंप चालतात, उपाशीपोटी मनुका होते. म्हणजे एखादा खारा जीव गोड्या तलावात टिकेल की नाही हे त्याच्या वंशावर ठरतं, तसंच त्या वर्षी तलावात शेवाळ किती फुललं आहे यावरही.

आजीचं फडकं आता नाही, पण मागच्या महिन्यात नाथसागराच्या कडेचं घोटभर पाणी तशाच दुपदरी सुती कापडातून गाळलं आणि कापड बशीत उलटं झटकलं. भिंगाखाली एक सायक्लॉप्स मादी सापडली. शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या, कपाळावर तो एकुलता एक तांबडा डोळा. ती जागच्या जागी थांबली तरी आतले पंप थांबलेले नव्हते. मग तिला एक झटका आला आणि ती शेवाळाच्या हिरव्या ठिपक्याकडे गेली.